परदेशात वेळ कशी पाळावी : नाशिकहून निघणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

नाशिकहून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी निघालेला माणूस व्हिसा, विमा, परकीय चलन, गरम कपडे, मेतकूट आणि चटण्या यांची तयारी दोन-दोन महिने करत असतो. मात्र तिकडचे सहकारी, घरमालक आणि प्राध्यापक ज्या गोष्टीवरून त्याच्याविषयी पहिले मत बनवणार असतात, त्या वेळेच्या सवयीविषयी त्याला फारसे कोणी काही सांगत नाही. फार तर निरोपाच्या जेवणाला एखादे काका म्हणतात, ‘तिकडे सगळं टायमावर असतं बरं का, इथल्यासारखं चालणार नाही.’ काकांचा हेतू चांगला असतो, पण सल्ला अपुरा पडतो. जर्मनीत डॉक्टरांकडे ठरल्या वेळेनंतर पोचलेल्या रुग्णाला परत जावे लागू शकते. त्याच जर्मनीत 2024 मध्ये लांब पल्ल्याच्या रेल्वेगाड्यांपैकी सुमारे 62 टक्केच वेळेवर पोचल्या, आणि तीही सहा मिनिटांच्या आतला उशीर उशिरात न धरता. लंडनमध्ये कोणाच्या घरी जेवायला बोलावले असेल, तर दहा मिनिटे आधी दार वाजवणारा पाहुणा दहा मिनिटे उशिरा येणाऱ्यापेक्षा अधिक अडचणीचा ठरतो.

म्हणून ‘हा देश काटेकोर, तो देश ढिला’ अशी विभागणी मनात धरून निघू नये. प्रत्येक समाजात काही कामांची वेळ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ असते आणि काही कामांची वेळ केवळ अंदाज असतो. कोणते काम कोणत्या रकान्यात पडते, हे मात्र देशागणिक बदलते. ते रकाने कसे ओळखावेत, एवढाच या लेखाचा विषय आहे. कुशल मनुष्यबळाविषयी महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य यांच्यात 2024 मध्ये करार झाल्यापासून जर्मन शिकणाऱ्या तरुणांमध्ये या प्रश्नांची चर्चा वाढली आहे, त्यामुळे जर्मनीची उदाहरणे थोडी अधिक आली आहेत. तथापि आखातात, ब्रिटन-अमेरिकेत, जपानमध्ये किंवा पूर्व आफ्रिकेत जाणाऱ्यांनाही यातले बरेचसे उपयोगी पडेल.

पहिली पायरी : निघण्यापूर्वी आपलीच वेळ तपासा

‘आपल्याकडे वेळ पाळलीच जात नाही’ हे वाक्य आपण इतक्या वेळा उच्चारतो की परदेशी गेल्यावर ते कबुलीजबाबासारखे तोंडातून निघते. ते वाक्य विमानतळावरच सोडून द्यावे, कारण ते वस्तुस्थितीला धरून नाही. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला उशिरा पंच केले तर काय होते, हे तेथे काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला ये-जा करणारे पासधारक नाशिकरोड स्थानकावर गाडीच्या आधी हजर असतात. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षांचा रीफर कंटेनर न्हावाशेवा बंदराची माल घेण्याची मुदत टळून गेल्यावर पोचला, तर जहाज त्याच्यासाठी थांबत नाही, हे बागायतदाराला पक्के ठाऊक असते. सिंहस्थात कोणत्या आखाड्याने कोणत्या क्रमाने आणि किती वाजता स्नान करायचे, हे ठरलेले असते आणि त्यात चूक झाली तर तो मोठा वाद होतो.

याच शहरात लग्नपत्रिकेवर मुहूर्त मिनिटापर्यंत छापलेला असतो आणि मंगलाष्टके मात्र वरपक्षाची वरात दारात आल्यावरच सुरू होतात. ‘संध्याकाळी चक्कर मारतो’ याचा अर्थ साडेपाच ते नऊ यांच्यामधली कोणतीही वेळ असा घेतला जातो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणेच ‘चार ते आठ’ असे असते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही, कारण ती वेळ मुळातच सवडीने येण्याजाण्याची आहे. म्हणजे आपल्याजवळ एक घड्याळ नसून अनेक घड्याळे आहेत, आणि कोणत्या प्रसंगी कोणते वापरायचे हे आपल्याला लहानपणापासून न शिकवता कळते. परदेशात हे न शिकवता कळणेच बंद पडते. तेथील माणसांनाही ते शब्दांत सांगता येत नाही, कारण त्यांनाही ते कोणी शिकवलेले नसते.

यासाठी निघण्याच्या आधीच्या आठवड्यात एक छोटा अभ्यास करावा. आठवडाभरातील आपली सगळी कामे एका वहीत लिहून प्रत्येकापुढे ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ आणि उशिराबद्दल कोणी काही बोलले का, असे तीन तपशील नोंदवावेत. बँक, दवाखाना, नातेवाइकांकडचे जेवण, क्लास, मित्रांबरोबरची रविवारची मिसळ, हे सगळे त्यात यावे. आपण कोठे काटेकोर असतो आणि कोठे सैल, याचा नकाशा त्यातून मिळतो. पुढे परदेशी पोचल्यावर असाच दुसरा नकाशा तयार करायचा असतो, आणि दोन नकाशे जेथे जुळत नाहीत तेवढ्याच जागी सवय बदलावी लागते. सगळा स्वभाव बदलण्याची गरज नसते.

दुसरी पायरी : देशाऐवजी प्रसंग पाहा

अमेरिकन मानवशास्त्रज्ञ एडवर्ड टी. हॉल यांनी समाजांची एक विभागणी सुचवली होती. काही समाजांत एका वेळी एकच काम हाती घेतात आणि वेळ ही तुकड्यांत वाटून द्यायची वस्तू मानतात. काही समाजांत एकाच वेळी अनेक कामे आणि अनेक माणसे सांभाळली जातात आणि वेळापत्रकापेक्षा समोर बसलेल्या माणसाचे महत्त्व अधिक असते. रॉबर्ट लेव्हिन या मानसशास्त्रज्ञाने 1990 च्या दशकात 31 देशांतील मोठ्या शहरांत लोकांच्या चालण्याचा वेग, टपाल कार्यालयात तिकीट मिळायला लागणारा वेळ आणि सार्वजनिक घड्याळांचा अचूकपणा मोजला. त्यात स्वित्झर्लंड सर्वांत वेगवान आणि मेक्सिको सर्वांत संथ ठरला. या वर्गवारीचा उपयोग पहिला अंदाज बांधण्यापुरता होतो. सोमवारी सकाळी नऊ वाजता नव्या साहेबांसमोर उभे राहताना, किंवा शनिवारी संध्याकाळी शेजाऱ्यांकडे जाताना, मेक्सिको आणि स्वित्झर्लंड यांचा क्रमांक कामाला येत नाही. त्यापेक्षा पुढील चार प्रकारच्या प्रसंगांची चौकशी करावी.

पहिला प्रकार कामाच्या ठिकाणचा. जर्मनी, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स, स्कँडिनेव्हिया आणि जपान येथे नऊची बैठक म्हणजे नऊला विषयाला सुरुवात. जागेवर बसणे, लॅपटॉप जोडणे आणि चहा-कॉफी आणणे हे त्याआधी उरकलेले असावे लागते. म्हणून पाच ते दहा मिनिटे आधी पोचणे हीच वेळेवर पोचण्याची व्याख्या समजावी. जपानमध्ये पाच मिनिटे आधी तयार असण्याची शिस्त मुलांना शाळेतच लावतात. जर्मन विद्यापीठांत मात्र एक जुनी सवलत आहे. वेळापत्रकात वेळेपुढे ‘सी. टी.’ अशी लॅटिन आद्याक्षरे असतील तर तास पंधरा मिनिटांनी सुरू होतो, आणि ‘एस. टी.’ असतील तर अगदी त्याच वेळी. ही दोन अक्षरे माहीत नसलेला विद्यार्थी पहिल्या आठवड्यात रिकाम्या वर्गात एकटा तरी बसतो किंवा सर्वांच्या देखत उशिरा तरी शिरतो.

दुसरा प्रकार डॉक्टर, सरकारी कचेरी, बँक आणि केशकर्तनालय यांचा. आपल्याकडे दवाखान्यात नंबर लावून बसण्याची सवय असल्यामुळे ‘आधी गेलो तर आधी काम होईल’ असे वाटते. उत्तर व पश्चिम युरोपात बहुतेक कामे आधी ठरवलेल्या वेळेनेच होतात. जर्मनीत अशा ठरवून घेतलेल्या वेळेला ‘टेर्मिन’ म्हणतात, आणि ‘टेर्मिन आहे का?’ हा प्रश्न तेथे नावाच्याही आधी विचारला जातो. न कळवता टेर्मिन चुकवले तर काही दवाखाने त्याचे शुल्क मागतात, म्हणून जाणे जमणार नसेल तर किमान 24 तास आधी रद्द करावे. ब्रिटनमध्ये कुटुंबवैद्याकडची एक भेट साधारणपणे दहा मिनिटांची धरलेली असते. तुम्ही आठ मिनिटे उशिरा पोचलात तर तुमच्या वाट्याला दोनच मिनिटे उरतात, हे साधे गणित आहे. म्हणून तीन तक्रारी असतील तर सर्वांत महत्त्वाची पहिल्या वाक्यात सांगावी आणि प्रकृतीची सविस्तर हकिकत कागदावर लिहून न्यावी.

तिसरा प्रकार घरगुती आणि मैत्रीतल्या भेटींचा, आणि नवख्या माणसाची सर्वाधिक फजिती येथेच होते. जर्मनी व स्वित्झर्लंडमध्ये जेवणाचे आमंत्रण सात वाजताचे असेल तर सात वाजताच दाराशी उभे राहावे. ब्रिटन आणि अमेरिकेत पाच-दहा मिनिटे उशिरा जाणे सभ्यपणाचे मानतात, कारण यजमानांची शेवटची आवराआवर चालू असते. मात्र जेवण टेबलावर बसून वाढायचे असेल तर अर्धा तास उशीर हा अपमान समजला जातो. अमेरिकन आमंत्रणात मुलांच्या वाढदिवसासाठी अनेकदा ‘दोन ते चार’ असे लिहिलेले असते. आपल्या ‘चार ते आठ’च्या हळदीकुंकवाप्रमाणे त्या अवधीत केव्हाही जावे असा अर्थ येथे घेऊ नये: दोनला पोचावे आणि चारला निरोप घ्यावा. ब्राझील आणि मेक्सिकोमध्ये याच्या उलट, घरच्या समारंभाला ठरल्या वेळी पोचलेल्या पाहुण्याला यजमान अजून आंघोळीला गेलेले आढळण्याची शक्यता बरीच असते.

आणखी एक गोष्ट. न कळवता सहज डोकावणे ही आपल्याकडे आपुलकीची खूण आहे; सिडकोतल्या कॉलनीत शेजारच्यांनी आधी फोन करून येणे उलट परकेपणाचे वाटेल. नेदरलँड्समध्ये कॉफीसाठी भेटायचे असले तरी दोघेही आपापली डायरी उघडतात आणि कित्येकदा दोन-तीन आठवड्यांनंतरची तारीख ठरते. हे टाळणे आहे असे समजून मन खट्टू करून घेऊ नये. ठरलेली तारीख ते पाळतात, आणि त्या दिवशीचा तेवढा वेळ पूर्णपणे तुमचा असतो.

चौथा प्रकार प्रवासाचा. जपानमध्ये 2017 साली एक लोकल गाडी 20 सेकंद लवकर सुटली म्हणून रेल्वे कंपनीने जाहीर माफी मागितली होती. तेथे गाडीला उशीर झाल्यास स्थानकावर तसा दाखला मिळतो आणि तो कचेरीत किंवा शाळेत दाखवता येतो. जर्मनीत तसा भरवसा ठेवू नये. महत्त्वाच्या मुलाखतीला जाताना लागणाऱ्या गाडीच्या आधीची गाडी पकडावी, आणि गाडी बदलायची असेल तर मध्ये निदान अर्धा तास ठेवावा. गाडीला उशीर झाला हे कारण जर्मन साहेबाला समजते, पण दुसऱ्यांदा तेच कारण सांगितले तर तुम्ही आधीची गाडी का घेतली नाही, असा प्रश्न येतो. आणखी एक व्यवहार लक्षात ठेवावा: युरोपीय संघात रेल्वे एक तास किंवा अधिक उशिरा पोचली तर भाड्याचा 25 टक्के आणि दोन तासांपासून पुढे 50 टक्के परतावा सामान्यतः मागता येतो. तो मागायला संकोचू नये.

तिसरी पायरी : घड्याळ आणि दिनदर्शिका नव्याने वाचायला शिका

सवयीचा भाग नंतर येतो. कित्येक भेटी केवळ वाचण्या-ऐकण्यातल्या चुकीमुळे हुकतात. जर्मन भाषेत ‘हाल्ब आख्ट’ म्हणजे शब्दशः अर्धे आठ, आणि त्याचा अर्थ साडेसात. डच भाषेतही तसेच. इंग्लंडमध्ये बोलताना ‘हाफ एट’ म्हटले तर मात्र साडेआठ. जर्मन सहकारी इंग्रजीत बोलत असतानाही कधी कधी आपल्या भाषेच्या सवयीने वेळ सांगतो, त्यामुळे अशी वेळ ऐकली की लगेच ‘म्हणजे 7:30 ना?’ असे आकड्यांत विचारून घ्यावे. युरोपात लेखी वेळ 24 तासांची असते, त्यामुळे 19:30 म्हणजे संध्याकाळचे साडेसात हे क्षणभरही न थांबता कळले पाहिजे. आजच फोनचे घड्याळ 24 तासांवर करून ठेवले तर आठवड्यात सवय होते. जपानमध्ये उपाहारगृहाच्या दारावर बंद होण्याची वेळ 25:00 अशीही लिहिलेली दिसते. ती मध्यरात्रीनंतरच्या एक वाजताची वेळ असते.

तारखेचाही घोळ होतो. अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे 04/05 ही तारीख तेथे पाच एप्रिल असते आणि ब्रिटनमध्ये चार मे. फॉर्मवर आणि ईमेलमध्ये महिना अक्षरांनी लिहिण्याची सवय लावून घेतली की हा प्रश्न मिटतो. जर्मनी, नेदरलँड्स आणि स्वीडनमधील कारखान्यांत व कचेऱ्यांत तारखेऐवजी आठवड्याचा क्रमांक सांगितला जातो: ‘माल बत्तिसाव्या आठवड्यात पाठवा.’ तेथे आठवडा सोमवारी सुरू होतो, आणि ज्या आठवड्यात वर्षातला पहिला गुरुवार येतो तो पहिला आठवडा धरतात. फोनच्या दिनदर्शिकेत आठवड्याचे क्रमांक दाखवण्याची सोय असते. ती पहिल्याच दिवशी सुरू करावी.

पूर्व आफ्रिकेतील पद्धत आपल्या लोकांना चक्रावून टाकते, पण पंचांग पाहणाऱ्याला ती लवकर समजेल. स्वाहिली भाषेत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे सकाळचे सात म्हणजे पहिला तास आणि नऊ म्हणजे तिसरा तास, ‘सा तातू’. टांझानियात किंवा केनियात स्वाहिलीत सांगितलेल्या वेळेत सहा तासांचा फरक धरावा. तीच माणसे इंग्रजीत बोलताना नेहमीचे घड्याळ वापरतात. इथिओपियातही दिवस असाच मोजतात, आणि तेथील कालगणनेत तेरा महिने असून वर्षाचा आकडा आपल्या नेहमीच्या इसवी सनापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे असतो. तेथे करारावर सही करण्यापूर्वी तारीख कोणत्या कालगणनेतली आहे, हे विचारणे हा शंकेखोरपणा ठरत नाही.

चौथी पायरी : पहिल्या पंधरवड्यातील मुदती सांभाळा

पोचल्यावरचा थकवा, खोली लावणे आणि नवे सिमकार्ड यांत पहिला आठवडा कधी संपतो ते कळत नाही, आणि नेमक्या याच काळात कायद्याच्या मुदती चालू असतात. जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. नेदरलँड्समध्ये चार महिन्यांहून अधिक राहायचे असेल तर पोचल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेकडे नोंद करायची असते, आणि जपानमध्ये राहते घर ठरल्यापासून 14 दिवसांत. मोठ्या शहरांत अशा नोंदणीची वेळ मिळायलाच कित्येक आठवडे लागू शकतात, त्यामुळे घर निश्चित झाले की नाशिकमधूनच ऑनलाइन वेळ घेऊन ठेवणे शहाणपणाचे ठरते. वेळ मिळण्याचा प्रयत्न मुदतीतच केला होता, हे दाखवणारा ईमेल जपून ठेवावा.

दुकानांचे वेळापत्रकही आधीच पाहून ठेवावे. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. रेल्वे स्थानकातील दुकाने, पेट्रोलपंप आणि काही तासांपुरत्या उघडणाऱ्या बेकऱ्या एवढाच आधार असतो. शनिवारी संध्याकाळी विमानातून उतरणाऱ्याने सोबत थालीपिठाची भाजणी ठेवली असेल तर रविवार सुखाचा जातो. भिंतीत खिळा ठोकणे, रिकाम्या काचेच्या बाटल्या डब्यात टाकणे अशी आवाजाची कामेही रविवारी करू नयेत, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत शांतता पाळावी. रविवारी दुपारी मिक्सर लावून पुरण वाटणाऱ्याची तक्रार होईलच असे नाही. तरी भिंती पातळ असतील तर शनिवारी वाटून ठेवलेले बरे.

पाचवी पायरी : उशीर होणार असेल तर काय बोलावे

उशीर सगळीकडे होतो. फरक पडतो तो तो कळवण्याच्या वेळेने आणि शब्दांनी. आपल्याकडे ‘निघालोच’ म्हणणारा माणूस बऱ्याचदा चप्पल शोधत असतो आणि ऐकणाऱ्यालाही ते माहीत असते. ‘पाच मिनिटांत पोचतो’ हे वाक्य अंतर न सांगता फक्त धीर देण्यासाठी वापरले जाते. दोघांनाही खेळाचे नियम ठाऊक असल्यामुळे यात कोणी कोणाला फसवत नाही. परदेशात समोरचा माणूस पाच मिनिटे म्हणजे पाचच मिनिटे धरतो, थंडीत बाहेर उभा राहतो आणि सहाव्या मिनिटाला तुमच्या शब्दाची किंमत ठरवतो. माझ्या मते परदेशी गेल्यावर सर्वांत आधी सोडण्याची सवय कोणती असेल तर ती हीच.

पाच मिनिटांपेक्षा अधिक उशीर दिसू लागला की ठरलेली वेळ उलटण्याच्या आधी कळवावे. संदेशात तीन गोष्टी असाव्यात: किती वाजता पोचेन, कारण एका वाक्यात, आणि माझ्यावाचून सुरू करावे का याबद्दलची परवानगी. ‘गाडी चुकली, 9:20 ला पोचतो, कृपया सुरू करा’ एवढे पुरते. अंदाज नेहमी थोडा वाढवून सांगावा. वीस मिनिटे सांगून पंधराव्या मिनिटाला पोचणारा माणूस विश्वासू ठरतो, दहा सांगून पंधराव्याला पोचणारा ठरत नाही. बैठकीत शिरल्यावर पुन्हा रहदारीची कहाणी सांगू नये. शांतपणे बसावे आणि क्षमा नंतर मागावी.

हीच गोष्ट कामाच्या मुदतींना लागू होते. ‘हे गुरुवारपर्यंत होईल का?’ असे विचारल्यावर वरिष्ठांचा मान राखण्यासाठी आपण ‘हो सर, करून टाकू’ म्हणतो आणि अडचण बुधवारी रात्री सांगतो. युरोपीय आणि अमेरिकन वरिष्ठाला सोमवारी दिलेला ‘गुरुवारी जमणार नाही, शुक्रवारी दुपारी देतो’ हा नकार चालतो. बुधवारी रात्री समजलेली अडचण चालत नाही, कारण त्याने तुमच्या गुरुवारवर दुसऱ्या तिघांची कामे बेतलेली असतात. ‘बघतो’ हा शब्द तर अजिबात वापरू नये; तो तेथे होकारही होत नाही आणि नकारही होत नाही.

सहावी पायरी : वेळ संपते तीही ओळखा

वेळेवर सुरू करण्याविषयी सगळे बोलतात, वेळेवर थांबण्याविषयी फारच थोडे. जर्मनीत दिवसाचे काम संपल्यानंतरच्या वेळेला ‘फायराबेंड’ असे स्वतंत्र नाव आहे, आणि त्या वेळेवर कचेरीचा हक्क मानला जात नाही. तेथील कायद्याप्रमाणे दिवसाचे काम साधारणपणे आठ तासांचे, वाढवून जास्तीत जास्त दहा तासांचे असते, आणि दोन कामाच्या दिवसांमध्ये अकरा तासांची विश्रांती द्यावी लागते. फ्रान्समध्ये 2017 पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट 2024 पासून कामाच्या वेळेबाहेर कचेरीच्या संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आला आहे. आपल्याकडे उशिरापर्यंत बसणारा कर्मचारी कष्टाळू समजला जातो. तेथे रोज आठ वाजेपर्यंत बसणाऱ्याविषयी ‘याला काम वेळेत जमत नाही’ असा समज होण्याचा धोका असतो. रात्री दहाला सहकाऱ्याला फोन करू नये, आणि ईमेल लिहिला तरी तो सकाळी जाईल अशी वेळ लावून ठेवावा.

जपान येथे अपवाद आहे. तेथे बैठक सेकंदावर सुरू होते, पण संपण्याच्या वेळेला तेवढी किंमत नसते, आणि वरिष्ठ बसले असताना कनिष्ठाने उठून जाणे अनेक कंपन्यांत अजूनही अवघड जाते. अलीकडच्या कायद्यांनी जादा कामावर मर्यादा आणल्या असल्या तरी आपल्या विभागातली रीत दोन-तीन आठवडे पाहून मगच निघण्याची वेळ ठरवावी.

सातवी पायरी : जेथे घड्याळ सैल आहे तेथे घाई करू नका

नाशिकहून दुबई, रियाध किंवा दोहा येथे गेलेल्या माणसाची अडचण बरोबर उलटी असते. तेथे आपणच काटेकोर ठरतो. भेट अकराची असते, साहेब साडेअकराला येतात, मग कॉफी आणि खजूर येतात, घरच्यांची विचारपूस होते, मध्ये दोन फोन आणि एक पाहुणा येतो, आणि कामाची गोष्ट निघते तेव्हा बारा वाजलेले असतात. हा वेळ वाया गेला असे समजणारा विक्रेता तेथे टिकत नाही. त्या एका तासात तुमच्याशी व्यवहार करायचा की नाही हे ठरत असते. एका दिवशी चार भेटी घेण्याऐवजी दोन घ्याव्यात, आणि वेळ अकरा अशी न ठरवता दुपारच्या नमाजानंतर अशी ठरवावी, म्हणजे ती पाळली जाण्याची शक्यता अधिक असते. नमाजाच्या वेळा सूर्यानुसार रोज थोड्या बदलतात, म्हणून त्या शहराचे वेळापत्रक फोनमध्ये ठेवावे.

आठवड्याची सुट्टीही देशागणिक वेगळी आहे. संयुक्त अरब अमिरातीत 1 जानेवारी 2022 पासून सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम असते. सौदी अरेबियात शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. रमजानमध्ये अमिरातीतील खासगी क्षेत्रातही रोजचे काम दोन तासांनी कमी होते, आणि हा महिना दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतो. बांधकामावर जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर उन्हात काम करून घेण्यास बंदी आहे. कंत्राटदाराने घाई केली तरी हा नियम कामगाराच्या बाजूचा आहे.

स्पेनमध्ये जाणाऱ्याला जेवणाची वेळ बदलावी लागते. दुपारचे जेवण दोन ते साडेतीन, रात्रीचे नऊनंतर, आणि लहान शहरांतील दुकाने मधले दोन-तीन तास बंद. याचे एक कारण घड्याळातच आहे: भौगोलिक दृष्ट्या स्पेन लंडनच्या रेषेत असूनही 1940 पासून तो मध्य युरोपीय वेळ पाळतो, त्यामुळे तेथला सूर्य घड्याळाच्या मानाने उशिरा डोक्यावर येतो.

आठवी पायरी : घरच्या वेळेशी मेळ घाला

भारतीय प्रमाणवेळ वर्षभर एकच असते, तिकडची वर्षातून दोनदा बदलते, आणि घरच्यांना याची कल्पना नसते. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे करतात; अमेरिकेत हे मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होते. जर्मनी आपल्या मागे उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास असते. ब्रिटन साडेचार आणि साडेपाच. न्यूयॉर्क साडेनऊ आणि साडेदहा. जपान आणि आखाती देशांत असा बदल नाही. नेमकी दिवाळी या बदलांच्या आसपास येते. 2024 मध्ये युरोपातली घड्याळे 27 ऑक्टोबरला मागे गेली, लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होते, आणि 3 नोव्हेंबरला भाऊबीज व अमेरिकेतला बदल एकाच दिवशी आले. न्यूयॉर्कच्या भावाला आदल्या दिवशीच्या हिशेबाने फोन लावणाऱ्या बहिणीने त्याला एक तास आधीच उठवले असणार. स्वयंपाकघरात दुसरे घड्याळ लावून त्याखाली मुलाच्या गावाचे नाव लिहिणे हा साधा उपाय आहे, फक्त वर्षातून दोनदा काटे फिरवण्याची आठवण मुलाने करून द्यावी.

सुट्टीचा प्रश्न मात्र घड्याळाने सुटत नाही. नाशिकमध्ये स्थळ पसंत पडले की दीड-दोन महिन्यांत लग्न उभे राहते, आणि जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांचा तक्ता बऱ्याच विभागांत वर्षाच्या सुरुवातीलाच भरला जातो. लहान मुले असलेल्या सहकाऱ्यांना शाळेच्या सुट्ट्यांतले आठवडे आधी मिळतात, त्यामुळे उशिरा मागणाऱ्याच्या वाट्याला उरलेले दिवस येतात. घरी आधीच सांगून ठेवावे की तारीख पक्की करण्यापूर्वी एक फोन करावा, आणि वरिष्ठांनाही कळवावे की आपल्याकडे लग्ने अशी ठरतात, तेव्हा एक आठवडा राखून ठेवू द्यावा. 2027 च्या सिंहस्थातील स्नानांसाठी ज्यांना यायचे आहे त्यांनी त्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमधील रजेचा अर्ज तक्ता उघडताच द्यावा, कारण युरोपात ऑगस्ट हा सर्वाधिक मागणीचा सुट्टीचा महिना असतो.